दाराच्या पडद्यावरची रेघ

पाणी उतरलं तेव्हा परटिणीने पहिलं काय केलं, तर खराटा हातात घेतला. आणि तिथेच चुकलं. पण ते तेव्हा तिला कोण सांगणार होतं? घरात पोटरीएवढा चिखल, भिंतींना छातीच्या उंचीवर तपकिरी पट्टा, कोनाड्यात मेलेला बेडूक. ज्या घरातून अख्ख्या गावाचे कपडे पांढरेशुभ्र होऊन बाहेर पडतात, त्या घराची ही दशा तिला बघवेना. तिने पदर खोचला आणि कामाला लागली.

नदी गावाच्या खालच्या अंगाला. नदीकडून चढून आलं की पहिलं घर परटाचं, दुसरं सायकलवाल्याचं दुकान आणि मग वरपर्यंत सगळी गल्ली. एरवी पावसाळ्यात नदी धुण्याच्या दगडाला लागायची आणि मुकाट परत जायची. यंदा वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि खालच्यांना कळवायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कळवायला भोंगा होता. हिवाळ्यात विभागाच्या कार्यालयाची गाडी आली होती, आपत्तीच्या पूर्वतयारीसाठी म्हणून इथल्या कार्यालयात भोंग्याचं खोकं उतरवलं होतं, खोक्यावरची फीत कापून फोटो काढले होते. भोंगा खोक्यातच राहिला, कारण तो खांबावर चढवायचं काम दुसऱ्या खात्याचं होतं.

परटाच्या घराला इशारा दिला तो परटिणीच्या म्हाताऱ्या सासऱ्याने. दुपारी तो नदीवरून धापा टाकत आला आणि दारातूनच ओरडला, "दगड गेला!"

दगड बुडाला म्हणजे घटकाभरात पाणी उंबऱ्यावर, हे त्या घराला वेगळं सांगावं लागत नव्हतं. परीट माळ्याच्या शिडीवर चढला आणि परटीण खालून बोचकी द्यायला लागली. आधी गिऱ्हाइकांचे कपडे. त्यात वाद नव्हता, त्या घराची रीतच तशी. दुसऱ्याचं कापड आपल्या घरात आहे तोवर ते आधी, आपलं सगळ्यात शेवटी. ज्याचं कापड त्याचं त्याला मिळावं म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात बिब्ब्याने घातलेली काळी खूण असायची. ती खूण सोड्याने जात नाही, उकळून जात नाही; कापड फाटतं पण खूण राहते. मास्तरांचं बोचकं वर गेलं, दवाखान्याच्या चादरी गेल्या, सायकलवाल्याचे दोन तेलकट सदरेसुद्धा गेले.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा खाली दोन मोठ्या वस्तू उरल्या होत्या. एक भट्टीवरचा तांब्याचा हंडा, ज्यात सोडा घालून कपडे उकळायचे. दुसरं कार्यालयातल्या चाळीस खुर्च्यांच्या पांढऱ्या खोळींचं गाठोडं. खोळी आदल्याच दिवशी धुऊन वाळल्या होत्या. पूर्वतयारीची बैठक होती म्हणे.

"हंडा घेऊ का खोळी?" परटाने शिडीवरून विचारलं.

"लोकांचं आहे ते घ्या आधी," परटीण म्हणाली.

खोळी माळ्यावर गेल्या आणि तिघं शाळेच्या गच्चीवर. दोन दिवसांनी परत आली तेव्हा मागची भिंत बसली होती, भट्टी विरघळली होती आणि हंडा नदीने नेला होता. माळ्यावरच्या खोळी मात्र जशाच्या तशा कोरड्या होत्या.

मग चार दिवस नवरा-बायको राबली. परीट खोऱ्याने चिखल ओढायचा, परटीण घमेली भरून गल्लीच्या गटाराशी रिकामी करायची. जमीन तीन वेळा धुतली. भिंतींवरचा तो पट्टा मात्र हटता हटेना. तिने सोडा कालवला, काथ्याचा ब्रश घेतला आणि वीत-वीत करत सगळी खोली घासून काढली. सोड्याने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि खांदे भरून आले. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा कोपरा पांढरा झाला. ती मागे सरकून बघत राहिली आणि घरात पूर आल्यापासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. परटाने पडक्या भिंतीच्या विटा घासूनपुसून एकावर एक रचून ठेवल्या आणि मागच्या उघड्या बाजूला पोती लावली.

सायकलवाला हे सगळं आपल्या दुकानात उलट्या टोपलीवर बसून बघत होता. त्याच्याकडे चिखल जसाच्या तसा होता. चाकं चिखलात रुतलेली, पंप चिखलात आडवा.

"वहिनी, एवढं घासलंत तर नदीला पुन्हा यायची लाज वाटेल," तो म्हणाला.

"तुमच्याकडे बेडकांनी संसार मांडलाय, तो आधी उठवा."

"राहू द्या त्यांना. पंचनाम्याचा साहेब येऊन जाऊ दे, मग बघू."

परटिणीला वाटलं, आळशाला निमित्त. तिने नाक मुरडलं आणि पाणी आणायला गेली.

घरचे स्वतःचे कपडे तेवढे राहिले होते. खुंटीवरचे, दोरीवरचे, दाराला लावलेला जुना जाड पडदा, सगळं चिखलाने कडक झालेलं. ते तिने गोळा करून एका कोपऱ्यात टाकलं होतं. गिऱ्हाइकांची कामं उरकल्याशिवाय त्याला हात लागणार नव्हता.

मंगळवारी सकाळी पंचनाम्याचा माणूस गल्लीत आला. त्याचं खरं नाव काय होतं कोण जाणे. गल्लीने त्याला रकानेसाहेब करून टाकलं होतं, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "याला रकाना नाही." तो सायकलवाल्याकडे आहे असं कळलं तशी परटिणीची नजर कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. परटाच्या घरात मळक्या कपड्यांचा ढीग, आणि तोही स्वतःच्या! माणूस काय म्हणेल? तिने तो ढीग उचलून रिकाम्या हौदात कोंबला, वर फळी टाकली आणि फळीवर एक पांढरी चादर अंथरली. मग घाम पुसून दारात उभी राहिली.

रकानेसाहेब आत आला. सायकलवाल्याकडून आलेला, म्हणून त्याच्या बुटांना चिखल होता आणि धुतलेल्या जमिनीवर त्याची पावलं उमटली. त्याने चारी भिंती बघितल्या.

"इथं पाणी आलं होतं?"

"आलं होतं म्हणजे? इथपर्यंत." परटिणीने छातीशी हात धरला.

"मावशी, हात नका दाखवू. खूण दाखवा."

"खूण धुतली."

"धुतली?"

"घर धुतलं, साहेब. चार दिवस धुतोय."

रकानेसाहेबाने कागदावर बोट फिरवलं. "दृश्य खूण," तो वाचत म्हणाला आणि त्यापुढे लिहिलं, "नाही."

परीट पुढे झाला. "शेजारी पाणी आलं हे आत्ताच तुम्ही लिहून आलात. नदी इकडे, तो तिकडे, मध्ये आम्ही. मग पाणी काय आमच्या घरावरून उडी मारून त्याच्याकडे गेलं?"

"दादा, मला नदीचं काही विचारू नका. मी घराचं लिहितो."

"मग त्यालाच विचारा. आमच्या घरात पाणी होतं हे त्याने बघितलंय."

"तोंडी सांगण्याला रकाना नाही. खूण आणि तिचा फोटो, एवढंच."

मागच्या बाजूला त्याने पोतं बाजूला सारलं. रचलेल्या विटा बघून तो म्हणाला, "बांधकाम चालू आहे वाटतं." परटाने कपाळाला हात लावला. भिंत पडली, साहेब, पुराने पडली, विटा मी रचल्यात, असं तो सांगत होता तोवर तिकडे "बांधकाम सुरू" असं लिहूनही झालं होतं.

"माळ्यावर काय आहे?"

"गिऱ्हाइकांचे कपडे."

"भिजले?"

"नाही," परटीण म्हणाली. हे तिने जरा अभिमानानेच सांगितलं.

"म्हणजे मालाचं नुकसान नाही." तेही लिहिलं गेलं. "आणि आमच्या खोळी?"

"त्याही कोरड्या आहेत."

"बरं झालं. ती पूर्वतयारीची बैठक राहूनच गेली पुरामुळे. आता शुक्रवारी पुराच्या आढाव्याची आहे, विभागाचे मोठे साहेब येणार आहेत. पुन्हा एकदा काढा पाण्यातून, आणि खळ जरा कडक पाहिजे."

जाताना त्याने परटाला दाराबाहेर घेतलं आणि आवाज खाली आणला. "यादी शुक्रवारी बंद होते. यादीत नाव असेल तर भिंतीला विटा, सिमेंट, भट्टीचं सामान, सगळं मिळेल. नसेल तर नाही. उद्या सकाळी मी इकडून जाणार आहे. भिंतीला थोडा चिखल दिसला तर फोटो काढीन. मी काही म्हणालो नाही, बरं का."

परटीण आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर येईपर्यंत परीट घमेलं घेऊन निघालासुद्धा होता. थोड्या वेळाने तो गटाराकाठचा, त्यांनीच टाकलेला चिखल भरून घेऊन आला.

"खाली ठेवा ते," ती म्हणाली.

"अगं, भिंत पाहिजे का नको? अजून दीड महिना पाऊस आहे. पोत्यांवर काढणार आहेस? भट्टी नाही, हंडा नाही, धंदा कशावर करायचा?"

"माझ्या घराला खोटा चिखल लावणार तुम्ही?"

"खोटा कसला? परवापर्यंत हाच चिखल याच भिंतीवर होता!"

खरंच तोच चिखल होता. परटाने ओंजळभर उचलला आणि भिंतीवर थापला, मग हाताने आडवा ओढला. पांढऱ्या भिंतीवर पाच बोटं उमटली. पाण्याचा पट्टा असा दिसत नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्याने आणखी थोडा लावला, आणखी वाईट दिसायला लागलं. म्हातारा सासरा दारात बसून बघत होता.

"लहान मुलाने जेवताना हात पुसलेत म्हणावं," तो म्हणाला.

परटाचा हात तसाच भिंतीवर राहिला. चाळिशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग काढलेला, आता स्वतःच्या भिंतीवर डाग पाडत होता आणि तोही त्याला जमत नव्हता. परटिणीच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाने नाही, संतापाने. तिने फडकं ओलं केलं, नवऱ्याचा हात धरून आधी तो पुसला, मग भिंत.

"मी जाते कार्यालयात," ती म्हणाली.

बुधवारी ती गेली. दहा वाजता गेली आणि चारपर्यंत व्हरांड्यात उभी राहिली. बाकावर बसावं तर त्यावर फायलींचे गठ्ठे वाळत घातलेले, कार्यालयाचं छत गळलं होतं म्हणून. आत टेबलाशेजारी एक मोठं खोकं दिसत होतं. खोक्यावर भोंग्याचं चित्र होतं आणि चित्रावर चहाची किटली ठेवलेली होती. किटलीच्या बुडाचे गोल डाग जुने होते, एकावर एक बसलेले. येणारा-जाणारा कप भरून घेत होता.

चार वाजता रकानेसाहेब बाहेर आला. "मी सकाळी आलो होतो तुमच्याकडे. भिंत परत स्वच्छ!"

"स्वच्छच राहणार."

"मग कशाला आलात?"

"पाणी आलं होतं म्हणून आले."

"मावशी, मी माणूस वाईट नाही. पण मी नुसतं खरं लिहून चालत नाही. दिसलं पाहिजे." त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. "खोळींचं विसरू नका."

घरी येताना तिला वाटेत गल्लीतली घरं दिसत होती. ज्यांनी ज्यांनी चिखलाला हात लावला नव्हता, त्यांच्या दारांवर खडूने यादीतले आकडे पडले होते. सायकलवाल्याच्या दारावरही होता. तो काही लबाड नव्हता. त्याला नुसतं सरकार कळत होतं, आणि तिला कळत नव्हतं, एवढाच फरक. तिच्या दाराची फळी मात्र कोरी होती, घासून घासून चकचकीत केलेली. तिला स्वतःचाच राग आला आणि त्या रागाचाही राग आला. घर स्वच्छ केलं म्हणून शरमायचं?

गुरुवारी ती नदीवर गेली. धुण्याचा दगड गाळातून पुन्हा वर आला होता. चाळीस खोळी तिने धुतल्या, आपटल्या, पिळल्या, नीळ दिली, खळ दिली, दोरीवर टाकल्या. प्रत्येक खोळ आपटताना ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. परीट कोळशाची इस्त्री पेटवून बसला होता. हंडा नाही म्हणून घासायला दुप्पट जोर लागला, पण खोळी अशा निघाल्या की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. कामात खोट ठेवणं तिला रागातसुद्धा जमलं नसतं.

तिसऱ्या प्रहरी सगळ्या घड्या झाल्या. आता घरचे कपडे. तिने हौदावरची चादर काढली, फळी सारली आणि ढीग बाहेर ओढला. सगळ्यात वर पडदा आला. जाड कापडाचा, दाराच्या चौकटीपासून उंबऱ्यापर्यंत टेकणारा. वाऱ्याने उडू नये म्हणून तिनेच कधीतरी खालच्या दुमडीत लोखंडी सळई शिवली होती. तिने तो झटकायला दोन्ही हातांनी उघडला.

आणि ती थांबली.

वरचा भाग मळकट पांढरा होता. खालचा सगळा तपकिरी. मधे आडवी रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत, कुणी पट्टी लावून ओढावी तशी सरळ.

"मामंजी," तिने हाक मारली. "मामंजी, इकडे या."

म्हातारा काठी टेकत आला. पडदा बघितला, मग सुनेकडे बघितलं. त्याने दाराच्या चौकटीवरची पडद्याची काठी दाखवली. परटाने पडदा पुन्हा दाराला अडकवला. सळईच्या वजनाने तो खाली ताठ उतरला आणि उंबऱ्याला टेकला. पाणी दोन दिवस जिथे होतं तिथे रेघ बरोबर येऊन थांबली. परटिणीने शेजारी उभं राहून छातीवर हात ठेवला.

"हा होता कुठं?" परटाने विचारलं.

"हौदात. मीच लपवला होता, तो साहेब आला तेव्हा."

"तू?"

"परटाच्या घरात मळका ढीग दिसू नये म्हणून!" ती ओरडलीच. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हाताऱ्याने सुतळी आणवली, उंबऱ्यापासून रेघेपर्यंत ताणली आणि तिथे गाठ मारली.

शुक्रवारी सकाळी खोळींचं गाठोडं परटाच्या डोक्यावर आणि पडद्याची गुंडाळी परटिणीच्या काखेत. म्हाताराही मागून आला. बैठकीच्या सभागृहात दोघांनी चाळीस खुर्च्यांना चाळीस खोळी घातल्या, कोपरे ओढले, सुरकुत्या सारल्या. मग परटिणीने स्टूल घेतलं आणि सभागृहाच्या दाराचा हिरवा पडदा काढायला लागली. शिपाई बघत होता, पण त्याने हटकलं नाही. तिथल्या खोळी-पडदे काढणारी-घालणारी तीच. धुवायला नेत असेल. तिने त्या जागी आपला पडदा लावला. दार तिच्या दारापेक्षा वीतभर उंच होतं, म्हणून तिने दोरी बांधून तो खाली सोडला, सळई जमिनीला टेकेपर्यंत.

गाड्या आल्या. पुढे मोठे साहेब, मागे बाकीचे, त्यांच्या मागे कागदांचा गठ्ठा पोटाशी धरलेला रकानेसाहेब. मोठे साहेब बोलता बोलता आले, पडदा सारून आत शिरायला गेले आणि सुकलेला चिखल त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागला. बरोबर खिशावर तपकिरी ओरखडा उमटला.

"हे काय आहे?"

"काढा, काढा तो! कुणी लावला?" रकानेसाहेब पुढे धावला.

"मी लावला," परटीण म्हणाली. "नदीकडून पहिलं घर, परटाचं. आमच्या दाराचा पडदा आहे हा, साहेब. पूर आला तेव्हा दारात असाच होता. खाली सळई आहे, हलत नाही. पाणी कुठपर्यंत आलं ते त्याच्यावर आहे."

मोठ्या साहेबांनी खाली बघितलं. रेघ त्यांच्या खिशाशी आली होती. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"हे घर यादीत आहे?"

"साहेब, पाहणीच्या वेळी दृश्य खूण आढळली नाही," रकानेसाहेब म्हणाला.

"खरं आहे त्यांचं," परटीण म्हणाली. "आम्ही घर धुतलं होतं. हा पडदा मी लपवला होता, लाज वाटली म्हणून. तेवढी माझी चूक. बाकी कुणाची ते तुम्ही सांगा. भोंग्याच्या खोक्यावर तुमच्याकडे किटली ठेवतात. आम्हाला पुराचं कळलं ते दगड बुडाला तेव्हा. घरात पाणी भरत होतं आणि माझा नवरा शिडीवरून विचारत होता, हंडा घेऊ का खोळी. मी म्हटलं, खोळी घ्या, लोकांच्या आहेत. हंडा गेला. आता त्याच खोळींवर बसून तुम्ही लिहिणार की माझ्या घरात पाणी आलंच नाही?" तिचा आवाज चढला होता. "चाळीसच्या चाळीस आहेत. बघून घ्या. एकीवरही डाग नाही!"

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "टेप आणा," ते म्हणाले.

टेप शोधायला तिघं पळाले. पुराची उंची मोजणाऱ्या त्या अख्ख्या कार्यालयात टेप निघाली नाही. शेवटी म्हाताऱ्याने खिशातून गाठ मारलेली सुतळी काढली, आणि ती टेबलावरच्या फूटपट्टीला लावून रकानेसाहेबाने गुडघ्यावर बसून मोजलं.

"साडेचार फूट," तो म्हणाला.

"घ्या यादीत." मोठे साहेब आत निघाले. दारात वळून त्यांनी खिशावरच्या ओरखड्याला बोट लावलं. "मावशी, हा डाग निघेल ना?"

"निघेल," परटीण म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दार लागलं. आतून टाळ्या ऐकू आल्या. तिघं व्हरांड्यात उभी राहिली. परटाला हसावं का काय करावं कळत नव्हतं, तो नुसता गाठोड्याचं रिकामं कापड घडी घालत होता. तेवढ्यात रकानेसाहेब बाहेर आला. घामाघूम झाला होता, पण आता त्याला पुन्हा आपला कागद सापडला होता.

"नाव घेतलंय. पण पुरावा जोडावा लागेल. पडदा कार्यालयात जमा करा, सोमवारपर्यंत. नाही आला तर नाव कमी होईल."

"आत्ताच घ्या की."

"असा नको," त्याने हात झटकले. "फायलींशेजारी असा मळका कपडा ठेवता येत नाही. धुऊन आणा."

परटिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"धुतलेलं तुम्ही मंगळवारी घरी येऊन बघून गेलात," ती म्हणाली.

"ते मला माहीत नाही. स्वच्छ करून आणा."

घरी आल्यावर परीट उंबऱ्यावर बसला. "धुतला तर रेघ जाणार आणि नाही धुतला तर नाव जाणार. म्हणजे आपलं काय राहिलं?"

परटीण आत गेली. ती आली तेव्हा तिच्या हातात खुणेचं सामान होतं. पत्र्याची डबी, बिब्बे, सुई, चुना. म्हाताऱ्याने बघितलं आणि सरकून तिला उजेडात जागा करून दिली.

तिने पडदा मांडीवर घेतला. बिब्ब्यात सुई बुडवली आणि रेघेच्या एका टोकाला पहिला ठिपका दिला, खूण पक्की व्हावी म्हणून वर चुना लावला. मग शेजारी दुसरा, मग तिसरा. बिब्ब्याचं तेल बोटाला लागलं तिथे कातडी जळायला लागली, तिने बोट खोबरेल तेलात बुडवलं आणि पुन्हा सुई उचलली. सायकलवाला दारात येऊन उभा राहिला, पण उजेड अडतोय हे बघून बाजूला सरकला. या काठापासून त्या काठापर्यंत तिने ठिपक्याला ठिपका लावला. खाली कोपऱ्यात, गिऱ्हाइकाची खूण घालतात तिथे, पुराची तारीख घातली आणि तिच्याशेजारी साडेचार.

रविवारी तिने पडदा नदीवर नेला. दगडावर आपटला, सोड्यात घासला, पिळला, नीळ दिली. परटाने इस्त्री केली. परीटघडी घालून सोमवारी सकाळी तिने तो रकानेसाहेबाच्या टेबलावर ठेवला. खोक्यावर किटली होती.

रकानेसाहेबाने घडी उलगडली. पडदा खोळींसारखाच पांढरा झाला होता. मधोमध काळी रेघ होती.

"हे काय? एवढं धुतलंत आणि हे तसंच राहिलं?"

"ते नाही जायचं आता," परटीण म्हणाली. "घासून बघा हवं तर तुम्हीच."